पाहुण्यासाठी बसकर

राधाकिसननं जालना एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वीस वर्षं बियाण्याला लाल औषध चोळलं, तेही उघड्या हातांनी. मोटर न्यूरॉनच्या आजारानं आधी त्याचे हात गेले, मग वाचा. आता फक्त पापण्या हलतात.

संशोधन करणारे डॉक्टर त्याच्या गावी, वाटूरला, तिसऱ्यांदा आले. रक्त, नखं, विहिरीचं पाणी यांचे नमुने घेऊन बसकरावर ऐसपैस बसले. राधाकिसनची बायको, गोपिकाबाई, समोर उभीच राहिली.

"कशानं झालं, ते सांगा."

"औषधाचा संशय आहे, मावशी. पण अजून सिद्ध झालेलं नाही."

"मागं दोनदा आल्ते, तवाबी हेच बोलले. आमचं रगत नेता आन् कोरडे शब्द देता!"

डॉक्टर कागद चाळू लागले.

"तुम्ही बसलात ना, ते बसकर ह्यांनी कारखान्यातून आणलेल्या रिकाम्या पोत्यांचं हाय. औषध लावलेल्या बियाण्याची पोती. कितींदा धुतली, लाली बिलकुल जात न्हाई."

डॉक्टर ताडकन उठले आणि पॅंट झटकू लागले.

गोपिकाबाईनं बसकर पुन्हा नीट अंथरलं.

"बसा की, डॉक्टरसाहेब. अजून कुठं सिद्ध झालंय?"