डॉक्टरनं कुत्र्याचं काहून विचारलं

सोनोग्राफीच्या मशीनवर माझा काडीचा भरवसा नव्हता. आजही पुरता आहे असं नाही, पण तो भाग शेवटी सांगते.

हिंगोली तेव्हा जिल्हा झालेली नव्हती, आम्ही परभणीत मोडायचो. कळमनुरीच्या अलीकडं आमचं गाव. त्या वर्षांत आमच्याकडं बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढायची नुसती हवा सुटली होती. बाई कंबर धरून दवाखान्यात गेली की डॉक्टर म्हणायचा, मशीनीत बघू. मशीनीत बघितलं की म्हणायचा, पिशवीला सूज आहे, काढली नाही तर पुढं वाईट रोग होईल. वाईट रोग म्हणलं की घरचे लगेच तयार. माझ्या धाकट्या जावेची अशीच काढली. पिशवी गेली, कंबर दुखायची ती दुखतच राहिली, वरून अंगाची आग व्हायला लागली. तिच्यासोबत मीच गेले होते. त्या मशीनीच्या काचेवर मी डोळे ताणून बघितलं, तर आभाळ भरून आल्यासारखं काळंपांढरं, दुसरं काही नाही. तेव्हाच मनात म्हणलं, ह्या ढगात डॉक्टरला पाहिजे तेच दिसत असणार.

आणि दोन सालांनी माझ्या सुनेच्या पोटात गाठ निघाली.

आधी ती जेवायची कमी झाली. चार घास खाल्ले की म्हणायची, पोट भरलं. मग उजव्या कुशीवर झोपता येईना. पाण्याची घागर उजव्या कमरेवर घ्यायची तिची सवय, ती डावीवर घ्यायला लागली. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. आमचा नातू तेव्हा दुडूदुडू चालायचा. वाटलं, पुन्हा दिवस गेले असतील, लाजून सांगत नसेल. पण एक दिवस न्हाणीत पाठ चोळताना माझा हात तिच्या बरगडीखाली लागला आणि मी हात मागं घेतला. तिथं वर आलेलं होतं, हाताला तुंबल्यासारखं लागायचं.

खोटं काहून सांगू, पहिला संशय मला तिच्या माहेरचा आला. दुखणाईत पोरगी आमच्या गळ्यात बांधली की काय? विहीणबाई भेटायला आल्या तेव्हा मी बोलून गेलेच.

"विहीणबाई, हे दुखणं जुनं दिसून राहिलं. तुमच्याकडं असतानाचं तर न्हाई ना?"

विहीणबाई काही कच्च्या नव्हत्या. लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणल्या, "आमच्याकडं असताना माझी पोरगी चार भाकरी खायची. तुमच्या घरच्या भाकरीत काय हाय ते तुमी बघा."

आता मेंढरं त्यांच्याकडं होती तशी आमच्याकडं. रानोमाळ त्या हिंडायच्या तशा आम्ही. उन्हाळ्यात लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, लांडग्याला दोन कुत्री राखणीला ठेवायची. दोन्ही घरांत उन्नीस-बीस नव्हतं. तरी दोघी एकमेकींच्या चुलीकडं संशयानं बघत बसलो, आणि पोरगी मधी बसून नुसती पायाच्या बोटानं जमीन उकरत होती.

बाजाराच्या गावात एक डॉक्टर होता. हसतमुख, सगळ्यांना नावानं ओळखणारा. त्यानं हिंगोलीला मशीनीत बघून यायला सांगितलं. गेलो. तिथल्या अंधाऱ्या खोलीत पोरीच्या पोटावर थंडगार चिकट लावलं, तिनं माझा हात घट्ट धरला. मशीनवाला डॉक्टर बराच वेळ बघत राहिला. मी तोंड उघडलंच, "पिशवी म्हणूच नका. दुखणं वर हाय, पिशवी खाली असती. एवढं मला कळतं."

तो हसला नाही. म्हणला, "पिशवी चांगली हाय, मावशी. काळजात, लिव्हरमधी, पाण्याची गाठ हाय. मोठी हाय. हे चित्र घेऊन सरळ नांदेडला जा. मधी कुणाला सुई लावू देऊ नका."

बाहेर आल्याबरोबर आमचे मालक म्हणले, "झालं. नांदेडवाल्याचा आणि ह्याचा वाटा ठरलेला असंल."

आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

चित्र घेऊन गेलो बाजारातल्या डॉक्टरकडं. त्यानं उजेडाला धरून बघितलं आणि टेबलावर ठेवलं. "पाणीच तर हाय. कापाकापी काहून करायची? एक लांब सुई घालतो, पाणी ओढून घेतो, सांजच्याला घरी. आमुशा होऊन जाऊ द्या, मग आणा."

आमचे मालक खूश. पोराला नांदेडला जायचं होतं, तर मालक त्याला म्हणले, "तुला बायकोचं पोट फाडायची लय हौस आली का रे?"

मला मात्र ते पटेना. एकजण म्हणतो सुई लावूच नका, दुसरा म्हणतो सुईच लावतो. दोघं शिकलेले. एकाचं ऐकलं तर पोरगी कापून काढतील, जावेसारखी जन्माची दुखणाईत करतील. दुसऱ्याचं ऐकलं तर… तर काय, हेच कुणी सांगत नव्हतं. मी आपलं म्हणलं, "आमुशेला अजून वेळ हाय. तवर नांदेडला नुसतं दाखवू. हात लावू द्यायचा न्हाई."

नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात वऱ्हांड्यात बसून पाय सुजले, तेव्हा नंबर आला. डॉक्टर मध्यमवयाचा, हडकुळा, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. चित्र बघितलं, पोरीचं पोट हळूच दाबून बघितलं, आणि पहिला सवाल काय केला म्हणता?

"घरी कुत्री आहेत का?"

मला वाटलं, ऐकण्यात चुकलं. मालक म्हणले, "हायेत की. मेंढरं हायेत म्हणल्यावर कुत्री राहणारच."

"मेंढरू कापलं की आतलं कुणाला टाकता?"

मला तिरीमिरीच आली. "साहेब, पोरीचं पोट दुखून राहिलं आन् तुमी आमची कुत्री मोजून राहिलात? धनगर बघितला की घाणच दिसती का तुमाला?"

तो रागावला नाही. म्हणला, "रागावू नका, मावशी. सगळ्यांना विचारतो. असे पेशंट कोणत्या गावाकडून येतात, त्यांच्या घरी काय काय असतं, ते मी लिहून ठेवतो. अभ्यास चाललाय माझा."

अभ्यास! म्हणजे हा शिकाऊ. मोठ्या दवाखान्यात गरिबावर हात बसवून घेतात, हे तर आमच्याकडं लहान लेकरू सांगंल. मी तोंडावरच विचारलं, "म्हणजे आमच्या सुनेवर शिकून राहिलात?"

"कुत्र्यांचं शिकतोय, मावशी. कापायचं शिकून झालं, केस पिकले त्यात." आणि खरंच कानावरचे पांढरे केस धरून दाखवले त्यानं.

मग सावकाश सांगितलं. ही साधी पाण्याची गाठ नाही. आत पडदा आहे, पाण्यात बारीक बारीक जीव आहेत. बाहेरून आंधळी सुई घातली आणि थेंब पोटात सांडला, तर एक तर पोरगी तिथंच टेबलावर बेशुद्ध पडून जाईल, नाही तर त्या थेंबातून पोटभर नव्या गाठी होतील. पोट उघडून, थेंब सांडू न देता काढावी लागती.

आम्ही बाहेर कडुलिंबाखाली येऊन बसलो. मालकांचं एकच पालुपद, "कापल्याबिगर ह्यांचं भागत न्हाई. बाजारातला डॉक्टर आपला माणूस हाय. आपल्याला वळखतो." पोरगं म्हणलं, "वळखतो म्हणून काय सुई कमी टोचंल का?" दोघांची जुंपली. सोबत आलेल्या विहीणबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. त्या म्हणल्या, "पोरगी तुमची. तुमीच ठरवा." काल जी माझी भाकर काढत होती, तिनं आज पोरगीच माझ्या पदरात टाकली.

सून म्हणली, "आत्या, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं."

आता काय सांगू? मला कुणाचाच भरवसा नव्हता. हसणाऱ्याचा नाही, न हसणाऱ्याचा नाही, मशीनीचा तर नाहीच. मी नुसती त्या हडकुळ्याचं बोलणं मनात उलटंपालटं करत होते. तो कुत्र्याचं काहून विचारत होता? लुबाडणारा माणूस विचारतो, शेत किती, पोरगं नोकरीला आहे का. ते त्यानं विचारलंच नाही. कुत्र्याच्या पोटात काय जातं ह्यात त्याचा कोणता वाटा ठरलेला असणार?

आणि तो थेंब सांडण्याचा शब्द. तो मी आधी कुठंतरी ऐकलेला होता.

माझे सासरे मेंढरू सोलायचे. म्हातारी मेंढी असली की पोट उघडल्यावर कधी कधी काळजावर, फेफड्यावर पांढरे फुगे दिसायचे. लिंबाएवढे, कधी पोराच्या मुठीएवढे. बाकीचं काम झपझप उरकणारे सासरे तिथं आले की श्वास रोखून धरायचे. बोटानं बाजूनं सोडवत सोडवत तेवढा तुकडा अलगद कापून ओंजळीत घ्यायचे. आम्हाला ओरडायचे, "सरका, फुटंल! ह्याचं पाणी मटनावर पडलं तर सगळं नासलं." सुरीचं टोक लावायला गेलेल्या माझ्या दिराला एकदा त्यांनी रक्ताळलेल्या हातानं कानाखाली दिली होती.

मी मालकांना म्हणलं, "मामंजी मेंढीचे फुगे कसे काढायचे, ध्यानात हाय का?"

"त्याचं हितं काय?"

"ते मेंढीच्या फुग्याला सुरीचं टोक लावू देत न्हवते. मी सुनेला सुई लावू द्यायची का?"

मालकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणले, "तुझं काय चुकलं तर तूच बघ."

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराशी बसले होते. विहीणबाई शेजारी. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर कधी आला ते मला कळलंही नाही. दार उघडलं की मी आत डोकावायची, नर्सबाई ओरडायची. मनात नको ते येत होतं. हे चांगलं काळीज तर काढून घेत नसतील? आत किती माणसं शिकायला उभी असतील?

मग तो डॉक्टर बाहेर आला. हातात एक वाडगं. "मावशी, पोरगी चांगली आहे. चौफेर औषधाची फडकी लावली होती. एक थेंब सांडू दिला नाही. हे बघा."

मी बघितलं. उकडलेल्या अंड्यावरचा पापुद्रा असतो तसा पांढरा पडदा, जाड, लिबलिबीत. आणि त्यात द्राक्षाच्या मण्यासारखे बारीक फुगे.

विहीणबाईंनी तोंड फिरवलं. मला मात्र नव्यानं काही बघायचं नव्हतं. हे तर मी सालोसाल बघत आले होते, सासऱ्यांच्या ओंजळीत.

"आता सांगा," डॉक्टर म्हणला, "मेंढीचं असं निघालं की कुठं टाकता?"

ह्या वेळी मी चिडले नाही. सासरे तेवढी ओंजळ जपून जपून नेऊन कुत्र्यापुढं टाकायचे. कुत्र्याचा मानच होता तो. सुरीला धार लावायचा आवाज आला की कुत्री येऊन रांगेत बसायची. आमच्याकडं तसं, विहीणबाईंकडंही तसंच.

डॉक्टरनं सांगितलं ते मला एकदम पटलं नाही. कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्याची अंडी डोळ्याला दिसत नाहीत, ती त्याच्या घाणीतून त्याच्या केसाला, मातीला, पाण्याला लागतात आणि लेकराच्या हातातून तोंडात जातात. वर्षानुवर्षं आत फुगा वाढतो. मी म्हणलं, "जे डोळ्याला दिसत न्हाई त्याच्यावर कसा भरवसा ठिवायचा?" तो म्हणला, "भरवसा नका ठेवू. संशय ठेवा. तेवढा पुरे."

तेवढं मात्र मला जमण्यासारखं होतं.

घरी आलो तर जावेपाशी ठेवलेला नातू अंगणात कुत्र्याच्या गळ्यात गळा घालून बसलेला. एक घास त्याचा, एक कुत्र्याचा. एरवी आम्ही कौतुकानं बघत बसलो असतो. मी तशीच धावले. त्याला उचललं, राखेनं हात घासले, तो किंचाळायला लागला. मालक म्हणले, "येडी झालीस का? त्या कुत्र्यानं ह्याला लांडग्यापासून राखलं."

"राखलं असंल. पण आता मी ह्याला कुत्र्यापासून राखणार."

पुढच्या जत्रेला म्हातारी मेंढी कापली. काळजावर दोन फुगे निघाले. मालकांनी बापासारखेच ते अलगद ओंजळीत घेतले आणि सवयीनं कुत्र्याकडं वळले. मी आडवी झाले. घरामागं मी खड्डा खणून ठेवला होता. मालक पुटपुटले, "बापजाद्यापासून असंच करत आलो." मी म्हणलं, "मामंजी अर्धं बराबरच करत होते. तेवढं अर्धं तुमीबी केलं. आता इकडं टाका." सून दारात उभी होती, हात पोटावरच्या टाक्यांवर. मालकांनी तिच्याकडं बघितलं आणि ओंजळ खड्ड्यात रिकामी केली. वर मी पाटा उचलून आणून ठेवला. कुत्रं त्या पाट्यापाशी नाक लावून किती दिवस फिरत होतं.

पुढं हिंगोली जिल्हा झाली, मशीनी वाढल्या. नातू शाळेत जायला लागला होता. एक दिवस मीच त्याला घेऊन त्या अंधाऱ्या खोलीत गेले. मीच, जिला मशीनीत नुसते ढग दिसायचे. त्याच्या पोटावर थंडगार चिकट लागलं, तो हसायला लागला. डॉक्टर म्हणला, "आजी, काळीज एकदम साफ आहे."

मी म्हणलं, "साफ म्हणून राहिलात ते ठीक. पुन्यांदा बघा. उजव्या अंगाला जरा नीट बघा."

त्यानं पुन्हा बघितलं. मीही वाकून बघितलं, डोळे ताणून, तो ढग फाटेपर्यंत.