सुमनच्या ताटातलं तेल

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवापुढेही कधी बोलले नाही — त्याला ठाऊक असेल तर असो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. होमसायन्स शिकून मी धुळ्याच्या घरात थोरली सून म्हणून आले. समोर काहीही आलं — पोह्यांची बशी, मूठभर शेव-मुरमुरे, चहात बुडवलेला टोस्ट — की मी लगेच त्याच्या कॅलरी सांगायची. दीर चिडवायचे, "वहिनी, नुसत्या वासाच्या किती?" सगळे हसायचे. घरात आपला शब्द चालतो, हे मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग धाकटी जाऊ आली. सुमन, असोद्याची. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. मला मूल नव्हतं. तुम्ही म्हणाल, अच्छा, म्हणून! हो, म्हणूनच. पोटात नुसती आग होती माझ्या.

आमच्याकडे सकाळी रात्रीची भाकरी कुस्करायची, तिखट-मीठ घालायचं आणि वरून कच्चं तेल घ्यायचं, चांगलं सढळ हाताने. नव्या सुनेने मात्र बरणीला हात लावायचा नाही, थोरलीने वाढायचं. थोरली म्हणजे मी. सुमनच्या ताटात तेल घालायला मी विसरायची — पहिल्यांदा खरंच विसरले असेन. नंतर? नंतर मी पाहायची, ती कोरडा घास पाण्याबरोबर कसा गिळते ते. ती मागायची नाही.

सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, वजन वाढत नाही. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, सुमनसमोरच मला विचारलं, "तू शिकेल शे. सांग, इले इतलं पुरस का? का दूध लावू?"

मी बोटांवर मोजलं. भाकरी, दुपारचं वरण, संध्याकाळचे मुरमुरे. आणि तेल. एक पळी तेल म्हणजे जवळजवळ एक भाकरी, हे मला पाठ होतं. ताटात कधी न पडलेलं ते तेल मी मनातल्या मनात रोजचं धरलं, आणि बेरीज तेवढी मोठ्याने सांगितली. भरपूर होतंय, म्हणाले. दूध नको, मूल मोठं झालं तर बाळंतपणात अडेल. हे खोटं आहे, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

अक्कांनी दूध लावलं नाही.

मुलगी झाली. अगदी एवढीशी. रडायचीही ताकद नव्हती तिच्यात. बारसं होण्याआधीच गेली. दूध असतं तर जगली असती का? कोणाला विचारू? विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागेल.

सुमनने कोणालाच बोल लावला नाही. सव्वा महिन्याने ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "खावाले कमी नव्हतं, ताई. तुम्हीच मोजं ना? मनाच आंगले लागनं नही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती अजूनही तेच समजते, की खाणं पुरेसं होतं, तिच्याच अंगाला लागलं नाही.