साहेबांच्या डोक्यावरची छत्री

"ए बाई, झेंडा ठेव. इकडं ये, छत्री धर."

सुपरवायजर म्हणाला. मी भर रस्त्यात झेंडा घेऊन उभी होते. पेणहून रोह्याकडं जाणारा आतला रस्ता, कासूच्या पुढं. रस्त्याखालची मोरी खचली होती, म्हणून अर्धा रस्ता खणून ठेवलेला, नवे पाईप टाकायला. उरलेल्या अर्ध्यातनं एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जायच्या. पेणच्या बाजूला मी, रोह्याच्या बाजूला माझी धाकटी जाऊ कुंदा. गाड्या थांबवायच्या, गाड्या सोडायच्या, हेच आमचं काम.

मी विचारलं, "मी हितनं हलले तर गाड्या कोण बघल?"

तो हसला. माझ्याकडं बघून नाय, साहेबांकडं बघून. म्हणाला, "झेंडा धरायला काय अक्कल लागते? खडीत खोचला तरी उभा राहतो." आणि माझ्या हातनं झेंडा घेऊन खरंच त्यानं खडीच्या ढिगात खोचला. राहिला उभा. साहेब हसले. साहेबांबरोबर आलेला ड्रायव्हर हसला. मग मी पण हसले. काय करणार? सगळे हसतात तिथं आपण तोंड पाडून उभं राहिलं तर म्हणतात, बाईला माज आलाय.

छत्री काळी, मोठी, लाकडी दांड्याची. साहेब उंच. मला हात ताणून धरायला लागत होती. साहेब सरकले की मी सरकायची. काम बघायला आले होते, पण मोरीजवळ गेलेच नाय. गाडीपासून थोडं पुढं येऊन उभे राहिले आणि फोनवर बोलत बसले. मध्येच म्हणाले, "जरा पुढे घे गं, मानेवर ऊन येतंय." मी पुढं घेतली. मी उन्हात. उन्हाचं मला काय कौतुक नाय, धरमतरच्या खाडीकाठी माझं माहेर, बापाबरोबर मिठागरात मीठ ओढत मी मोठी झाले. आणि राग आला का म्हणाल, तर नाय आला. तेच सांगायचंय मला. तेव्हा काहीच आलं नाय. हात वर आणि डोकं रिकामं.

आता डहाळीचं सांगते, नाय तर पुढचं कळायचं नाय.

मी आणि कुंदा, दोघींच्या मध्ये वळण. मला ती दिसायची नाय, तिला मी नाय. तिची बाजू खोलगट, तिथं फोनला रेंज नाय. मग माझ्या बाजूच्या गाड्या संपल्या हे तिला कळणार कसं? तर आम्ही करंजाची डहाळी ठेवायचो. माझ्याकडनं जी शेवटची गाडी सुटायची तिच्या ड्रायव्हरच्या हातात डहाळी द्यायची. तो ती पलीकडं कुंदाला द्यायचा. डहाळी हातात पडली की कुंदा तिच्या गाड्या सोडायची आणि तिच्या शेवटच्या गाडीबरोबर डहाळी माझ्याकडं परत. डहाळी नाय तर गाडी नाय. मागच्या एका कामावर एका म्हाताऱ्या गड्यानं आम्हाला शिकवलेलं. सुपरवायजरला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "काय पोरखेळ लावलाय!"

ड्रायव्हर लोकांना मजा वाटायची. पेणहून गणपतीच्या मूर्ती घेऊन टेम्पो जायचे, लांब जाणाऱ्या मूर्ती आधीच निघतात. त्यातला एक जण डहाळी घेऊन आधी मूर्तीच्या पायाशी ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ रे बाबा, ही मावशी सोडते म्हणून जातोय." एस्टीचा कंडक्टर ती कानावर खोचायचा. आणि नितीन. शेजारच्या गावचा नितीन, रोह्याजवळ धाटावला कंपनीत. रोज बाईकवरनं जायचा, रोज ओरडायचा, "काकी, सोड ना गो, शिफ्ट चुकल!" मी म्हणायची, "गप रे, डहाळी येऊ दे. कंपनी काय पळून जात नाय." तो म्हणायचा, "कंपनी नाय पळत, पगार पळतो." येताना मात्र निवांत असायचा. शेवटचा असला तर डहाळी माझ्या हातात देऊन म्हणायचा, "घे, तुझं राज्य तुला परत."

त्या दिवशी सुपरवायजरनं मला बोलावलं तेव्हा डहाळी माझ्या कमरेला होती. राज्य माझ्याकडं होतं. आणि मी छत्री धरून उभी होते.

माझ्या बाजूला गाड्या साठल्या. हॉर्न वाजायला लागले. साहेबांना फोनवर ऐकू येईना, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. सुपरवायजर धावला आणि हातानंच गाड्या सोडायला लागला. शेवटच्या रिक्षावाल्याला म्हणाला, "पलीकडं त्या बाईला सांग, सोड म्हणावं. साहेब आलेत, गर्दी नको." मी ओरडले, "डहाळी माझ्याकडं हाय!" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. फोनवर हात ठेवून म्हणाले, "हळू बोल जरा."

मी गप बसले.

पलीकडं कुंदानं रिक्षावाल्याला डहाळी मागितली. तो म्हणाला, कसली डहाळी, सुपरवायजरनं सोडायला सांगितलंय. तिच्याकडं पहिली शिफ्ट सुटून घरी परतणाऱ्या बाईका खोळंबलेल्या. तिनं सोडल्या. आणि इकडं मागनं एक डंपर येऊन हॉर्नवर हात ठेवून बसला, तर सुपरवायजरनं त्याला पण जा म्हणून हात केला. वळणावर डंपर आणि बाईका समोरासमोर आल्या. सगळ्यात पुढं नितीन. त्यानं बाईक बाजूला घेतली. बाजूला खड्डा. आम्ही खणलेला. त्यात पाईप आणि सळया.

आवाज मी ऐकला. आधी बाईकचा, मग माणसाचा.

मी धावायला वळले तर साहेब म्हणाले, "थांब. आधी मला गाडीपर्यंत सोड."

गाडी लांब नव्हती. चार पावलांवर म्हणा. मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. छत्री वर धरून. मागं माणूस ओरडत होता आणि मी साहेबांच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून हात वर धरून चालत होते. त्यांनी दार उघडलं, आत बसले, छत्री माझ्या हातातनं घेतली, मिटली, पायाशी ठेवली. गाडी वळून पेणकडं गेली. मग मी धावले.

नितीनला वर काढायला मी होते. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो मला ओळखत नव्हता. मला रडू आलं नाय. कुणी काय सांगेल ते मी करत होते. पाणी आण म्हटलं, आणलं. सरक म्हटलं, सरकले. टेम्पोत घालून त्याला नेला. मग मी कमरेला हात लावला तर डहाळी होती. पानं सुकली होती. फेकून द्यायचं पण सुचलं नाय.

संध्याकाळी कळलं, पाय गेला. गुडघ्याच्या वर.

दिवेलागणीला सुपरवायजर आमच्या घरी आला. कुंदा होती, मी होते. आमचे नवरे कामावरनं यायचे होते. पहिल्यांदाच त्यानं मला "ए" म्हटलं नाय. म्हणाला, "ताई, बसा. उद्या लोक रस्ता अडवणार. पोलीस येतील. विचारतील, झेंडेवाली कुठं होती? एवढं मोठं जोखमीचं काम, माणसांचे जीव त्यावर. जागेवर कोणी नव्हतं म्हणजे गुन्हाच की."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. दुपारी ह्याच तोंडानं म्हणाला होता, खडीत खोचला तरी उभा राहतो. तेच काम संध्याकाळपर्यंत माणसांच्या जिवाचं झालं होतं. झेंडा तोच, मी तीच.

"मग काय सांगू?" मी विचारलं.

"साहेबांचं नाव काढायचं नाय. सांगायचं, लघवीला गेले होते. बायांचं असतंच तसं, जास्त कोण खोलात जात नाय. त्याच्या आईच्या पाया पडायचं, चुकलं म्हणायचं. दोघींचं काम राहील, माझा शब्द."

लघवीला.

मेल्या, तुला ठाऊक हाय का आम्ही लघवीला कधी जायचो? जायचोच नाय. त्या रस्त्यावर आडोसा नाय. एका बाजूला उघडी शेतं, दुसऱ्या बाजूला गाड्या. आम्ही सकाळी घरनं निघताना जायचो आणि घरी येऊन जायचो. तहान लागली तरी पाणी नुसतं तोंडात फिरवून थुंकायचो. कुंदाला त्यानं जळजळ सुरू झालेली, डॉक्टरनं सांगितलं पाणी पी, तरी पीत नव्हती बिचारी. एक आडोसा मारून दे म्हणून मी ह्याच माणसाला सांगितलं होतं, तर म्हणाला, "तुम्हाला काय फाइव्ह स्टार पाहिजे?" आणि आता त्याला आमची लघवी पाहिजे होती. साहेबांच्या छत्रीवर टाकायला.

तेव्हा मला राग आला. दुपारपासनं मेलेलं अंग, त्यात कुठंतरी खोल पेटलं. पण चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. तो समजला, बाईनं ऐकलं. चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर कुंदा म्हणाली, "ताई गो, पड ना पाया. काय जातंय आपलं? गाड्या मी सोडल्यात. माझ्यावर आलं तर?" खोटं कशाला बोलू, तिची दया आली मला. मिठागर गेलं, शेती चार महिने, रस्त्याचं काम हेच दोघींच्या घरातलं मीठमिरची. मी म्हटलं, "झोप तू."

सकाळी मोरीजवळ सगळं गाव जमलेलं. गाड्यांची रांग दोन्हीकडं. दोन पोलीस. सुपरवायजरनं मला दंडाला धरून पुढं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "ही बाई जागेवर नव्हती. तिला तिची चूक कबूल हाय. माफी मागायला आलीय." कुंदा माझ्या मागं. तिनं माझा पदर धरून ठेवला होता, लहान पोरीसारखा.

नितीनची आय समोर बसली होती. रस्त्यावरच, खडीला टेकून. मी तिला बाजारात बघितलेली, बोलले कधी नव्हते. तिनं वर बघितलं. शिवी नाय दिली. विचारलं, "तू होतीस कुठं गो?"

सुपरवायजर हळूच म्हणाला, "बोल."

मी बोलले. "मी साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते."

मी परत म्हटलं, मोठ्यानं, रांगेतल्या ड्रायव्हरना ऐकू जाईल असं. "मी लघवीला गेले नव्हते. ह्यानं मला जागेवरनं उठवलं. झेंडा खडीत खोचला. गाड्या ह्यानं सोडल्या, डंपर पण ह्यानं सोडला. कुंदाला सोड म्हणून निरोप ह्यानंच पाठवला. साहेबांना ऊन लागत होतं."

"खोटारडी हाय!" तो ओरडला. "साहेब आलेच नव्हते!" माझ्या पदराला हिसका बसला. मला वाटलं कुंदा मला मागं ओढतेय. पण तिनं पदर सोडून दिला होता. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मान खाली, पण माझ्या खांद्याला खांदा लावून.

मी नितीनच्या आयकडं बघत होते. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल. निदान म्हणेल, बाई, तुझं काय चुकलं. तसं काय झालं नाय. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मग टाकली का नाय गो छत्री?"



काम दोघींचं गेलं. मोरी पुरी झाली, वर डांबर पडलं, गाड्या सुसाट जातात. तिथनं गेलं तर कळत पण नाय की हितं काय झालं. नितीन घरी असतो. मी दोनदा गेले, एकदा दारातनं परत आले. पोलिसांनी जबाब घ्यायला बोलावलं तेव्हा सगळं सांगितलं, अजून बोलावतील तर अजून सांगीन. सुपरवायजरनं माणसं पाठवली, साहेबांचं नाव तेवढं काढू नको म्हणून. मी म्हटलं, मी जागेवर नव्हते हे तुम्हाला पाहिजे ना, मग कुणी उठवलं ते पण घ्या.

आता मी रोह्याकडं दुसऱ्या रस्त्यावर झेंडा धरते. दुसरा ठेकेदार. कुंदा पलीकडं. पहिल्याच दिवशी दोघींनी आडोसा मागितला, तो मिळेपर्यंत झेंडा हातात घेतला नाय. करंजाची डहाळी रोज ताजी तोडतो. परवा एक गाडी थांबली, आतला माणूस उतरून झाडाखाली निघाला आणि त्याचा ड्रायव्हर मला म्हणाला, "ए बाई, साहेबांची बॅग घे जरा." मी म्हटलं, "मी कामावर हाय." तो म्हणाला, "झेंडाच तर धरलायस." मी जागची हलले नाय.

उद्या कुणी छत्री पण पुढं करेल. ती मी हातात घ्यायचीच नाय. कुणाचं डोकं का तापेना. लागू दे ऊन.