उद्घाटनाआधीची चाचणी

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत दिवाळीनंतर पाच संगणक आले. गावाने वर्गणी केली, ग्रामपंचायतीने भर घातली. मी शाळा समितीचा अध्यक्ष, त्यामुळे विजेच्या भाराचा हिशोब करून वायरिंग स्वतः उभं राहून करून घेतलं. मग खोलीला कुलूप लागलं. उद्घाटन एका मोठ्या नेत्यांच्या हातून करायचं ठरलं होतं आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. कोनशिलेवर त्यांचं नाव कोरून झालं होतं, तारखेची जागा कोरी. दाराला फीतसुद्धा बांधलेली. बघता बघता फेब्रुवारी संपत आला. गॅरंटी एका वर्षाची. तिचा तिसरा हिस्सा खोक्यांतच गेला.

माझी मुलगी सातवीत होती. गावातली शाळा तेवढ्यापर्यंतच. पुढे एसटीने तीर्थपुरीला जावं लागतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, मी तर पुढं शिकणारच. पण माझ्या बाजूला बसते ना, तिचे वडील म्हणतात सातवी झाली की बस. तिला एकदा तरी संगणकाला हात लावू द्या." ही मैत्रीण वर्गात पहिली येणारी. मला रात्रभर तेच टोचत राहिलं.

सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, कुलूप उघडलं अन् नेते नाराज झाले, तर रस्त्याचं काम गेलं समजा. मंग तुम्ही करून देता का रस्ता?" त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

शेवटी मी घनसावंगीला पंचायत समितीत गेलो. गटविकास अधिकारी मॅडम तिथे नव्याने आल्या होत्या. मी नेत्यांपासून सुरुवात केली, तर त्यांनी मला थांबवलं. "ते राहू द्या. मशिनी चालतात का?"

"माहीत नाही. अजून लावूनच पाहिल्या नाहीत."

"न लावता उद्घाटनाला ठेवल्या? उद्या नेत्यांनी बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला तर?"

हे गावात कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

"उद्घाटन त्यांच्याच हातून करा," त्या म्हणाल्या. "पण आधी चाचणी घ्या. मुलं बसवून, रोज. ती कधी संपवायची ते मी सांगीन." मग हसल्या. "गुरुवारी मी स्वतः येते. पालकांना बोलवा. हार-शाल मात्र बिलकुल आणू नका."

सरपंचांना सांगितलं तर त्यांचा चेहराच खुलला. "चाचणीला कोण कशाला नाराज होतंय? घ्या की!"

गुरुवारी मॅडम फितीखालून वाकून आत शिरल्या, त्यांच्या मागून मुलं. पाचही पडदे उजळले तेव्हा अख्खी खोली ओरडली. आधी कोण बसणार, असं विचारताच माझ्या मुलीने मैत्रिणीला पुढे ढकललं. मॅडमनी आपल्या मोबाईलचं इंटरनेट जोडून दिलं आणि सातबारा पाहायचं सरकारी पान उघडलं.

"तुमच्या शेताचा गट नंबर काय?"

मैत्रिणीने दारात उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी सांगितला. तिने एका बोटाने एकेक आकडा दाबला. पान उघडायला वेळ लागला. मग तिने मोठ्याने वाचलं: वडिलांचं पूर्ण नाव, पुढे क्षेत्र, अगदी आरपर्यंत.

"बराबर हाय," वडील म्हणाले. "अन् ह्याच्यासाठी मी तीर्थपुरीला अर्धा अर्धा दिवस घालवून राह्यलो!"

मागून एक म्हातारबा म्हणाले, "आता पोरीची शाळा बंद कर, अन् सातबारा बघायला जावई बोलाव!"

सगळे हसले. वडील हसले नाहीत. पुढे होऊन पडद्यावरचं आपलं नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "भाऊ, तीर्थपुरीला पोरींसाठी सकाळची गाडी किती वाजता हाय?"

चाचणी मार्च आणि एप्रिल, दोन्ही महिने चालली. मॅडमनी ती संपवायला सांगितलंच नाही. सातवीची सगळी मुलं टायपिंग शिकली आणि सहावीच्यांना शिकवू लागली.

निकालाच्या दिवशी नेते आले. फीत कापली, बटण दाबलं, पडदा उजळला. भाषणही चांगलं झालं. टाळ्या अजून चालू होत्या, तेवढ्यात त्या मुलीचे वडील गर्दीतून वाट काढत मुख्याध्यापकांपर्यंत पोचले. मी शेजारीच उभा होतो.

"सर," ते म्हणत होते, "पोरीचा दाखला जल्दी द्या. तीर्थपुरीला आठवीच्या जागा भरून जातील."