ट्रेलरच्या तळाचं बूच

पाणी आधी माझ्या टाचेला लागलं. खाडीच्या ऐन मध्यात होतो आम्ही दोघी — मी आणि मुंबईच्या एका शेटची बायको — चाकांवरच्या लाकडी खोलीत बसलेल्या. पुढे होडी, होडीत चार वल्हेकरी आणि माझे सासरे, मध्ये लांब दोर. सतरंजी खालून भिजत चालली होती, आणि पाणी कुठून येतंय ते मला तिथल्या तिथे कळलं. तळाला एक भोक होतं. त्याचं बूच माझ्या कमरेला खोचलेलं होतं.

शेटच्या बाई ओरडल्या, "पाणी!" सासऱ्यांनी होडीतून हाक मारली, "कुठून येतंय गो?"

मी म्हणाले, "फळ्यांच्या फटींतून, मामंजी."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेही कधी बोलले नाही — त्याला माहीत असेल तर असेल. आता तुमच्यापुढे मांडते. पण माझे सासरे कोण होते ते आधी कळायला हवं. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार कसं?

रेवदंड्यात होड्या बांधायचे ते. कागदावर कधी रेघ मारली नाही. रानातली वाकडी फांदी बघून सांगायचे, ही अमक्याच्या होडीच्या पोटात बसेल — आणि बसायची. कोळी म्हणायचे, या सुताराच्या होडीत पाणी येतं ते वरूनच, पावसाचं.

माझा नवरा मुंबईला गिरणीत. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात मामंजी आणि मी. करवतीचं दुसरं टोक धरायला माणूस मिळेना, म्हणून मी धरलं. मग फळ्यांच्या फटींत राळेतला कापूस ठोकायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हे काम मला शाळेपेक्षा लवकर आलं. शेजारी म्हणायचे, "सुतारानं सुनेला हाताशी घेतलंय, आता होड्यांना बांगड्या भरतील." मामंजी करवत चालवत राहायचे. एक दिवस मी ठोकलेला कापूस अंगठ्यानं चाचपून म्हणाले, "हात बसला गो तुझा." असं ते कुणाला म्हणत नसत. ते चार शब्द मी लक्षात ठेवा. पुढे लागतील.

नाही — "तुम्ही लक्षात ठेवा" म्हणायचं होतं. मी तर ते कधी विसरलेच नाही.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. लढाईत उरलेलं लष्कराचं सामान मुंबईत लिलावात विकायला निघायचं. तिथून या शेटनी एक जीप घेतली आणि तिच्या मागे जोडायचा ट्रेलर. शेट पारशी, चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. ट्रेलर म्हणजे दोन चाकांवरची लोखंडी पेटी, हिरवा रंग, बाजूला पांढरे आकडे, तळ गंजून चाळण झालेला. शेट म्हणाले, "सुतार, आपल्याला ह्याच्यात झोपायचा हाय. समुद्राच्या बाजूला. रोज नवीन जागा."

मामंजींनी विचारलं, "घरात जागा नाही का, शेट?"

"तीन माळ्याचा घर हाय."

"मग?"

"घरात समुद्र नाय, सुतार."

शेट गेल्यावर मामंजी दोन दिवस त्या पेटीपुढे नुसते बसून राहिले. विडी ओढायची आणि बघायचं. असली वस्तू त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. उघड्यावर झोपायला जायचं आणि सोबत घर न्यायचं — हे काय असतं, हे त्यांना कोण सांगणार होतं? तिसऱ्या दिवशी उठले आणि म्हणाले, "होडीच आहे गो ही. चाकं लागलीत एवढंच."

आणि त्यांनी होडीच बांधली. गंजका तळ कापून काढला. खालून वाकडी लाकडं घालून वर सागाच्या फळ्या बसवल्या, फटींत कापूस. तो मी ठोकला, त्यांनी तपासला. दोन्ही बाजूंच्या भिंती बिजागऱ्यांवर अशा लावल्या की बाहेरच्या अंगाला उघडून आडव्या कराव्यात आणि साखळीनं अडकवाव्यात, की दोन पलंग तयार. पलंगाचं माप कसं घेतलं माहीत आहे? बाईंना आमच्या अंगणात चटईवर आडवं व्हायला सांगितलं. सगळ्या गल्लीपुढे. बाई हसत हसत झोपल्या, मामंजींनी मान वळवली आणि दोरी माझ्या हातात दिली. मी डोक्यापासून पायापर्यंत धरली, गाठ मारली. बाई उंच होत्या, दोरी पुरली नाही, जोडावी लागली.

वर शिडाच्या कापडाचं छप्पर. मागच्या बाजूला एक पेटी, तिचं झाकण उघडलं की टेबल. आत स्टोव्हला जागा, चहा-साखरेच्या डब्यांना जागा, प्रत्येक कपाला लाकडात कोरलेलं त्याचं स्वतःचं घर. शेटनी जीप जोडून गावभर फिरवून आणली. एक कप वाजला नाही. आता टीव्हीवर तसल्या गाड्या दाखवतात, आत नळ असतो, दिवे असतात. मी बघते. कप कसे ठेवलेत ते बघते. त्या माणसाएवढा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आणि तळाच्या कोपऱ्यात एक भोक. होडीला असतं तसंच, धुतल्यावर पाणी जायला. त्याला आंब्याच्या लाकडाचं बूच, वर चिंधी गुंडाळलेली.

शेटना खाडीपलीकडे, मुरूडच्या बाजूला जायचं होतं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. बैलगाडी पलीकडे न्यायची तर दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकायच्या, त्याला सांगड म्हणतात. जीप सांगडीवरून गेली, शेट तिच्याबरोबर. सांगड परत येईपर्यंत ओहोटी लागली असती. मामंजी म्हणाले, "हिला सांगड कशाला? ही माझ्या हातची आहे. दोर बांधा, तरंगत येईल." दुसरा कुणी सुतार असं म्हणाला असता? पण होड्या बांधणाऱ्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

बाईंनी हट्ट धरला, मी आत बसूनच जाणार. त्यांना पोहता येत नव्हतं. म्हणून मामंजी मला म्हणाले, "तू बस त्यांच्याजवळ."

सकाळी मी तळ धुतला होता. पाणी सोडलं, बूच कमरेला खोचलं, तेवढ्यात चहा मागितला कुणीतरी. विसरले. याच्यामागे मोठं कारण काही नाही. विसरायला कारण लागत नाही.

पण आमच्याकडे एक रीत होती. होडी पाण्याला लागायच्या आधी बांधणारा तीनदा विचारतो आणि आत बसलेला तीनदा सांगतो. सांगणाऱ्यानं हात लावून बघायचं, मग बोलायचं. मामंजी गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "बूच?" मी म्हणाले, "आहे." "बूच?" "आहे." "बूच?" "आहे." तीनही वेळा मी खाली बघितलंदेखील नाही. नवं पातळ नेसले होते, मुंबईच्या बाईशेजारी बसले होते, काठावर गल्ली उभी होती. मान खाली घालायला नको वाटलं.

आता खाडीच्या मध्यात परत येते. तिथूनच तर पळते आहे इतका वेळ.

बूच कमरेला होतं. हात घातला असता, सतरंजी उचलली असती आणि दाबलं असतं, तर पाच श्वासांत काम झालं असतं. मी ते केलं नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. बूच काढलं तर त्यांना दिसणार, मग मामंजींना कळणार. "हात बसला गो तुझा" — हे मला सोडवत नव्हतं. म्हणून मी सतरंजीवरून त्या भोकावर टाच दाबून धरली आणि स्वस्थ बसले. टाचेनं भोक बुजतं का? पाणी येतच राहिलं. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. बाईंनी माझा दंड घट्ट धरला. पोहता न येणारं माणूस शेजारी बसलेलं, आणि मी स्वतःची लाज सांभाळत होते.

मामंजींनी पाण्यात उडी टाकली. साठीचा माणूस. दोर धरून आमच्यापर्यंत आले, मागच्या कोपऱ्याखाली खांदा घातला आणि पाय मारत राहिले. ओहोटी नुकती ओढू लागली होती. माझ्या टाचेच्या खाली, दोन हातांवर त्यांचं डोकं होतं. पाण्यातून वर यायचे, मला सांगायचे, "बाईंना धर. भिऊ नको." मला सांगायचे.

चाकं वाळूला टेकली. बाईंना उचलून नेलं. मी म्हणाले, सामान काढून देते. सगळ्यांची पाठ होती तेव्हा पाण्यात हात घालून मी बूच भोकात बसवलं आणि तांब्याच्या बुडानं ठोकलं. नीट ठोकलं. हात बसलेला होता ना.

मामंजींनी पहिलं तेच चाचपलं. बूच जागेवर. मग ते फळ्यांकडे बघत राहिले.

ट्रेलर पुन्हा आमच्या अंगणात आला. त्यांनी सगळा कापूस उपसला आणि स्वतः ठोकला, मला हात लावू दिला नाही. मग ट्रेलर दगडांवर चढवून आत पाणी भरलं, फटींना खालून कोरडी राख लावली, ओल दिसावी म्हणून, आणि दिवसभर त्याच्याखाली उताणे पडून राहिले. राख कोरडीच. मी चहा नेला. खालूनच म्हणाले, "कापूस माझा मीच तपासला होता. तुझी चूक नाही गो."

तेव्हा सांगायचं होतं. सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात एक तांडेल, खलाशांचा म्होरक्या, मोठा मचवा — खोल समुद्रात जाणारी शिडाची होडी — बांधायचं काम घेऊन आला. एवढं मोठं काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. मामंजी नको म्हणाले. तांडेल हसला, "एका डब्यात पाणी आलं म्हणून?" मामंजी म्हणाले, "पाणी कुठून आलं ते मला कळलं असतं तर बांधला असता. कळत नाही. मग त्यात माणसं कशी बसवू?"

मी दाराच्या आत होते. सगळं ऐकलं.

ते आणखी अकरा वर्षं जगले. पाट केले, दारं केली, खाटा केल्या. होडी एकही नाही. कोळी दुसऱ्या सुताराकडे जाऊ लागले.

शेट आणि बाई दर थंडीत तोच ट्रेलर घेऊन यायचे, पुढे कितीतरी वर्षं. त्यात पुन्हा थेंब आला नाही. बाई सगळ्यांना सांगायच्या, ही पोरगी माझ्या बाजूला इतकी शांत बसली म्हणून मी वाचले. दर वर्षी मला एक पातळ आणायच्या. मामंजी ऐकायचे, मान हलवायचे. पातळं मी नेसले. सगळी नेसले, फाटेपर्यंत.

त्या दिवशी खाडीत आम्ही सात माणसं होतो. चार वल्हेकरी, मामंजी, बाई आणि मी. सातही जणं काठाला लागली. आता त्यांतली मी एकटी जिवंत आहे.