निरोप घेऊन परत आलेल्या वहिनी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘अरे, पण झडप तर नवीन होती!’ पुतण्या म्हणाला, ‘काकू, झडप शेवटपर्यंत छान चालत होती. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला.’ महिना उलटला, तरी ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते मला उमगत नाही.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. कसब्यात एकाच मजल्यावर आमची बिऱ्हाडं, आणि सासूबाई गेल्यापासून एकच धुसफूस : गौरींचे पितळी मुखवटे कुणाकडे? अर्थात त्यांच्याकडे. मग त्यांच्या हृदयाची झडप अरुंद झाली. डॉक्टरांनी समजावलं, ‘आजी, छाती उघडायची नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवू. आता देशभर करतात.’ पण वहिनींनी आपल्या भावाच्या छातीवरचे टाके पाहिलेले. ‘धीर द्यायला बोलतात झालं,’ म्हणाल्या, आणि रीतसर निरोपच घ्यायला लागल्या. साड्या वाटल्या. मला बोलावून मुखवटे ओटीत घातले. ‘आता तू बसव गं. मी काही परत येत नाही.’ दोघी पोटभर रडलो. त्यांच्याजवळ इतकं मोकळं मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि बाई चार-दोन दिवसांत चालत घरी! भेटायला येणारे जखम शोधायचे. अकोल्याचे व्याही म्हणाले, ‘आमच्या ओळखीत दोघांचं झालं की असंच.’ वहिनी मात्र ओशाळल्या होत्या... त्यांच्याच साड्या नेसून बायका समाचाराला येत होत्या ना. पुढे मंडईतून भाजीची पिशवी घेऊन जिना न थांबता चढू लागल्या. मुखवट्यांचं त्याही बोलल्या नाहीत, मीही नाही. भाद्रपदात गौरी माझ्याकडे बसल्या. वहिनी पाहुणीसारख्या आल्या, पुरणपोळीचा तुकडा मोडून म्हणाल्या, ‘बरी झालीये. आमच्याकडे मऊ व्हायची.’

मुखवटे त्यांनी मला दिले होते, की मरणार म्हणून दिले होते? मला त्यांची आठवण येते की राग, तेही कळत नाही. त्या झडपेनं मला त्यांचा आणखी सहवास दिला आणि रडून घेतलेला निरोप तेवढा रद्द केला. दुसरा निरोप झालाच नाही.

परवा पुतण्याने परगावाहून फोनवर विचारलं, ‘काकू, यंदा गौरी?’ ‘वर्षाच्या आत सण नसतो,’ मी म्हणाले. तरी मुखवटे काढून चिंचेनं घासले, पदरात घेतले आणि वहिनींच्या दाराशी गेले. कुलूप समोर दिसत होतं. कडी वाजवली.