पिंपळाचं एक पान
आज नातीच्या हातातली बांगडी वाढली आणि हिरवे तुकडे वेचताना मला सासूबाईंचं झाड आठवलं. निजामाचं राज्य होतं तेव्हा; औरंगाबादेत आमची बांगड्यांची भट्टी होती. त्या थंडीत सासरे गेले, आणि गावभर चुडे भरणाऱ्या सासूबाईंचे हात मोकळे झाले. दिवसभर त्या भट्टीसमोरच्या पिंपळाकडं बघत बसायच्या. त्याचीही पानं गळून गेली होती. एका सकाळी उठून त्यांनी राख पसरलेल्या तव्यावर काच ठेवली आणि तिच्यावर काळ्या बांगड्यांचे तुकडे जुळवून तो पिंपळ मांडला. "पानं नाय लावत?" मी विचारलं. "थंडीत कुठली पानं, पोरी?" म्हणून त्या सरपण आणायला गेल्या, तशी मी त्यांच्याच फोडलेल्या चुड्यातला, जपून ठेवलेला एक हिरवा तुकडा फांदीच्या टोकाला ठेवून दिला. संध्याकाळच्या अंधारात तवा भट्टीत गेला आणि दुसऱ्या दिवशी निवलेल्या भट्टीतून झाड निघालं. काच एकजीव झालेली. आता ते पान निघणार नव्हतं. विधवेच्या झाडाला हिरवं लावलं म्हणून बोलणी बसणार, या भीतीनं मी मान खाली घातली. सासूबाईंनी पानावरून बोट फिरवलं, फिरवतच राहिल्या. मग म्हणाल्या, "लई भित्री गं तू. एकच लावलंस व्हय?" ते झाड अजून माझ्या खिडकीत आहे. सकाळी ऊन आलं की त्या पानाचा हिरवा उजेड माझ्या मोकळ्या मनगटावर पडतो.